गच्ची कोणाची? मुंबईतल्या सौरऊर्जेच्या बाजाराचा इतिहास वाचताना

पीएचडीच्या तयारीला लागलेली मुलं-मुली अधूनमधून आपले संशोधन आराखडे मला वाचायला पाठवतात. त्यातला सौरऊर्जेवरचा आराखडा पहिल्या ओळीवरूनच ओळखू येतो. 'देशात सौरऊर्जेची बाजारपेठ झपाट्याने वाढत असून नवनवीन तंत्रज्ञानामुळे...' अशी सुरुवात असते. खाली दोन आलेख. एकात पॅनेलची किंमत घसरतेय, दुसऱ्यात कार्यक्षमता चढतेय. मग निष्कर्ष, की या दोन रेषांमुळे बाजार वाढला. हसत नाहीये मी. माझ्या पहिल्या प्रकरणाचा पहिला खर्डा अगदी असाच होता. माझ्या गाईडनी तो वाचून समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं: 'कोणाच्या गच्चीवर?'

त्या दोन शब्दांनी माझे सहा महिने खाल्ले. पण आज वाटतं, बरं झालं. मुंबई उपनगरातला सौरऊर्जेचा इतिहास त्या प्रश्नावरून वाचायला घेतला की दोन आलेखांत न मावणारं बरंच काही दिसायला लागतं. तेच आज तुमच्यासमोर मांडतोय. विषय सौरऊर्जेचा असला तरी 'वाढती बाजारपेठ' हा शब्द ज्यांच्या आराखड्यात आहे त्या सगळ्यांनी वाचावं, मग तुमचा विषय बॅटरी असो की ड्रोन.

सुरुवात मात्र उपनगरात होत नाही, कुलाब्यात होते. आणि तीही १८७८ मध्ये.

मुंबई उच्च न्यायालयात विल्यम ॲडम्स नावाचे एक उपनिबंधक होते. म्हणजे दिवसभर दाव्यांचे कागद बघणारा माणूस. फ्रान्समध्ये ओग्युस्तँ मूशो आरशांनी ऊन एकवटून वाफ तयार करतो आहे हे त्यांनी वाचलं आणि त्यांना वाटलं, की हा खेळ फ्रान्सपेक्षा इथं जास्त शोभेल. मूशोची रचना म्हणजे चकचकीत धातूचा एक मोठा नरसाळ्यासारखा परावर्तक. ॲडम्सना त्यात दोन अडचणी दिसल्या. धातू काळवंडतो, आणि एकच मोठा परावर्तक वाढवत नेला की तो हलवता येत नाही. म्हणून त्यांनी काचेचे साधे सपाट आरसे घेतले, १७ इंच बाय १० इंचाचे, आणि ते एका मोठ्या चौकटीवर असे बसवले की सगळ्यांचं ऊन एकाच जागी पडावं. बॉयलर जागच्या जागी, आरशांची चौकट मात्र अर्धवर्तुळाकार रुळांवरून सूर्याच्या मागे सरकवायची. नोकरानं तासातून एक-दोनदा येऊन चौकट ढकलली की झालं. १,२०० अंश फॅरनहाइट गाठायला असे ७२ आरसे लागतील, असा त्यांचा हिशेब होता. वीस फुटांवर ठेवलेल्या लाकडावर त्या आरशांचं ऊन टाकताच लाकूड पेटलं. पुढे याच वाफेवर त्यांनी अडीच अश्वशक्तीचा पंप दोन आठवडे दिवसाउजेडी चालवून दाखवला. बघायला लोक आले, लष्करी अधिकारी आले, ससून इन्स्टिट्यूटचं सुवर्णपदक मिळालं.

त्यांनी एक सूर्यचूलही बनवली होती. अष्टकोनी लाकडी खोका, आतून आरसे, मध्ये भांडं. जानेवारीत, म्हणजे मुंबईच्या त्यातल्या त्यात थंड महिन्यात, सात शिपायांचं मांस-भाजीचं जेवण तिच्यात दोन तासांत शिजल्याची नोंद आहे. हे सगळं ॲडम्सनी १८७८ मध्ये मुंबईतच एका पुस्तकात छापलं. पुस्तकाचं नाव मराठीत सांगायचं तर 'सौरउष्णता: उष्ण कटिबंधातल्या देशांत इंधनाला पर्याय'.

आता इथं थांबा. संशोधक म्हणून या पुस्तकाचं काय करायचं?

बहुतेक लेखांत ॲडम्स येतात ते 'विसरला गेलेला द्रष्टा' म्हणून. स्थिर बॉयलर आणि भोवती सपाट आरसे, ही कल्पना पुढे शंभरेक वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या 'सोलर वन' या मनोरा-प्रकल्पात १९८२ मध्ये मोठ्या प्रमाणावर उभी राहिली, म्हणून तो गौरव चुकीचाही नाही. पण द्रष्टा म्हटलं की प्रश्न संपतात. त्यापेक्षा पुस्तकाचं शीर्षक नीट वाचा. 'पर्याय' हा शब्द पकडा. कशाला पर्याय? कोळशाला आणि लाकडाला. त्या काळच्या मुंबईला कोळसा मुख्यतः बोटीनं यायचा. बंगालच्या खाणी रेल्वेनं लांब पडत. गिरण्या वाढत होत्या. म्हणजे ॲडम्सच्या आरशांची स्पर्धा एका मूशोशी नव्हती, बंदरावर उतरणाऱ्या कोळशाच्या टनाशी होती. आणि गिऱ्हाईक? त्यांच्या डोळ्यांसमोर लष्कर होतं: दूरच्या छावण्या, जिथं लाकूडफाटा मिळत नाही. एकच मोठं गिऱ्हाईक, आणि त्यानं मन वळवून घेतलं नाही की विषय मिटला. गिरणीमालकाच्या बाजूनं बघा: पावसाळ्याचे चार महिने ऊन नाही, रात्रपाळीला ऊन नाही, आरशांना मोकळी जागा हवी, आणि एवढं करून कोळशाचा बॉयलर काढता येतच नाही, तो राखीव ठेवावाच लागतो. म्हणजे खर्च दुप्पट. फ्रान्समध्येही हेच झालं. मूशोनं १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात उन्हावर बर्फ करून दाखवला, पण कोळसा स्वस्त झाल्यावर सरकारचा रस आटला.

ॲडम्सचं यंत्र चाललं नाही म्हणून मागे पडलं असं नाही. ते चालत होतं. ज्याच्या जागी ते बसायचं होतं ती जागा दुसऱ्या कशाने तरी स्वस्तात भरली.

आणि मुंबईत ती जागा पुढे कशानं भरली, हे तर फारच गमतीचं आहे. पावसानं! टाटांची जलविद्युत कंपनी १९१० मध्ये निघाली, लोणावळ्याच्या आसपास धरणं बांधली गेली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या केंद्रातून गिरण्यांना वीज आली. ज्या चार महिन्यांत ॲडम्सचे आरसे झाकून ठेवावे लागले असते, त्याच चार महिन्यांत पुढच्या वर्षभराची वीज सह्याद्रीत साठत होती. उपनगरांचं विजेचं जाळंही याच पाण्याच्या आधारानं वाढलं. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे आपल्या आजोबांच्या तोंडचं 'बीएसईएस', १९२९ मध्ये स्थापन झालं आणि कित्येक दशकं टाटांकडून वीज विकत घेऊन उपनगरात वाटत राहिलं. त्यांचं स्वतःचं डहाणूचं केंद्र आलं ते थेट नव्वदच्या दशकात.

मधला काळ मी झटकन ओलांडतो, पण एक थांबा घ्यावाच लागेल, कारण आराखड्यांत तो कधीच नसतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनं परावर्तक असलेली सूर्यचूल तयार केली. स्वतंत्र भारताच्या विज्ञानाचा तो एक गाजलेला प्रयोग. चूल बाजारात आली आणि पडली. याच सुमारास मुंबईत, घाटकोपरपासून फार लांब नसलेल्या तुर्भे-माहुलच्या किनाऱ्यावर, दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले: १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ मध्ये बर्मा शेलचा. पन्नाशीच्या मध्यातच बर्मा शेलनं घरगुती गॅस आणला. म्हणजे सूर्यचुलीची स्पर्धा लाकडाशी आहे असं प्रयोगशाळेला वाटत असताना शहरात ती रॉकेलच्या स्टोव्हशी आणि गॅसच्या शेगडीशी होती. त्यात चाळीत किंवा दोन खोल्यांच्या जागेत राहणाऱ्या बाईनं दुपारी बारा वाजता चूल कुठं मांडायची? सामाईक गॅलरीत? गच्चीवर? संध्याकाळच्या भाकरीचं काय? पुन्हा तेच: ऊन भरपूर, यंत्र चालणारं, पण उन्हात हक्काची जागा कोणाकडे आहे हे कोणी विचारलं नव्हतं. जिथं जागा होती आणि रोज हजारोंचा स्वयंपाक होता तिथं ही कल्पना चालली. शिर्डीला साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयाच्या छतावर २००९ पासून ७३ सौर तबकड्या वाफ करतात. ॲडम्सनी बघितलं असतं तर ओळखलं असतं.

आता विजेवर येऊ. सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेनं १९५४ मध्ये जगासमोर आणला. त्यानंतरची किंमतघसरण तुम्हाला माहीत आहे: सत्तरच्या दशकात एका वॅटला ७५ डॉलरच्या पुढे असलेला घट आज मॉड्यूलच्या रूपात वॅटला १० सेंटच्या आसपास मिळतो. एकूण उत्पादन दुप्पट झालं की किंमत साधारण २० टक्क्यांनी उतरते, असा हा जुना ठोकताळा. तंत्रज्ञानाच्याही पिढ्या झाल्या. घटाच्या मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचा थर देणारी जुनी रचना गेली, मग पर्क आली, आता टॉपकॉननं बाजार व्यापलाय. २००९ मध्ये जपानमध्ये मियासाका यांच्या गटानं पेरोव्हस्काइटचा घट ३.८ टक्के कार्यक्षमतेनं सुरू केला. पंधरा वर्षांत तो २५ टक्क्यांच्या वर गेला. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा २९.४ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून आता सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर देऊन 'टँडम' घट करायची शर्यत लागली आहे. चीनच्या लोंगी कंपनीनं २०२४ मध्ये त्यात ३४.६ टक्के गाठले.

आणि या शर्यतीचा एक धावपटू आपल्या उपनगरातच आहे. पवईच्या आयआयटीत २०१० मध्ये, राष्ट्रीय सौर अभियानाच्या वर्षीच, फोटोव्होल्टाइक संशोधन आणि शिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. तिथले प्रा. दिनेश काब्रा आणि सहकारी पेरोव्हस्काइट-सिलिकॉन टँडमवर काम करतात, त्यातून एक कंपनीही निघाली आहे, आणि २०२५ मध्ये त्यांचा घट ३० टक्क्यांच्या जवळ पोचल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. पेरोव्हस्काइटचा मोठा शत्रू म्हणजे ओल. जुलैच्या पवईत ओल कशाला म्हणतात हे मी सांगायला नको.

पण मला या केंद्राचं दुसरं एक काम जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याची बातमी क्वचितच होते. २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ मध्ये त्यांनी राष्ट्रीय सौरऊर्जा संस्थेबरोबर देशभर फिरून, प्रत्यक्ष लावलेली पॅनेल तपासली. प्रयोगशाळेतली नव्हे, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाल्लेली. आढळलं असं, की उष्ण हवामानात पॅनेल लवकर मंदावतात, हे अपेक्षितच. पण छतावरचे छोटे प्रकल्प जमिनीवरच्या मोठ्या प्रकल्पांपेक्षा वाईट अवस्थेत होते. कारण मोठा प्रकल्प माल तपासून घेतो, अनुभवी लोकांकडून बसवून घेतो. छोट्या ठिकाणी पॅनेल जिन्यावरून डोक्यावर वाहून नेलं जातं, आपटतं, घटात डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा पडतात, आणि दोन वर्षांनी बिल का कमी होत नाही हे कोणाला कळत नाही. ॲडम्सनी धातू सोडून काच घेतली ती काळवंडू नये म्हणून. कार्यक्षमतेचा आकडा पेपरात येतो. टिकण्याचा प्रश्न मात्र तेव्हापासून गच्चीवर बसून आहे.

तर आता गच्चीवर जाऊ.

२०१५ मध्ये केंद्र सरकारनं २०२२ पर्यंत १,००,००० मेगावॅट सौरऊर्जेचं लक्ष्य ठरवलं. त्यातले ४०,००० मेगावॅट छतांवरचे असणार होते. देशानं एक लाखाचा टप्पा गाठला, जानेवारी २०२५ मध्ये. पण २०२२ अखेर छतांचा वाटा लक्ष्याच्या पाव हिश्श्यालाही पोचला नव्हता. पॅनेल तेच, किंमत तीच, ऊनही तेच. धुळ्याच्या साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ मध्येच उभा राहिला, आणि बोरिवलीच्या इमारतीवर १५ किलोवॅट बसायला दहा वर्षं लागतात. 'तंत्रज्ञान स्वस्त झालं म्हणून बाजार वाढला' हे विधान खरं असतं तर दोन्हीकडे सारखीच वाढ दिसायला हवी होती.

एक हिशेब करून बघू. आकडे ढोबळ आहेत, तुम्ही तुमच्या इमारतीचे घालू शकता. मुलुंडमधली सात मजल्यांची सोसायटी, मजल्यावर चार घरं, म्हणजे २८ कुटुंबं. गच्ची ३,००० चौरस फूट. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, जिन्याचं डोकं आणि त्यांच्या सावल्या वजा केल्या की निम्मी गच्ची उरते, १,५०० चौरस फूट. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट लागतात. म्हणजे १५ किलोवॅट. मुंबईत किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले तर रोज ६० युनिट. घरटी दोन युनिटांच्या किंचित वर, महिन्याला ६४. लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे यांचं बिल त्यात बऱ्यापैकी निघतं, घराघरांतलं नाही.

आता हीच सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि त्याच प्लॉटवर २२ मजले झाले, मजल्यावर पुन्हा चार घरं. ८८ कुटुंबं, गच्ची तेवढीच. महिन्याला घरटी वीसेक युनिट. वर लिफ्ट दोनाच्या चार झालेल्या.

यात नवं तंत्रज्ञान घाला. आज २२ टक्क्यांचं पॅनेल आहे, उद्या ३० टक्क्यांचं टँडम आलं. त्याच जागेत वीज ३६ टक्क्यांनी वाढली. वीस युनिटांचे सत्तावीस झाले. इमारतीच्या उंचीनं जे तिपटीहून जास्त कमी केलं त्यातलं थोडं परत मिळालं. याचा अर्थ पवईतलं काम फुकट आहे असा अजिबात नाही. उलट जिथं पैसा नव्हे तर जागा तोकडी आहे तिथं प्रत्येक टक्का जास्त मोलाचा. साक्रीत दोन टक्के कमी असले तर आणखी चार एकर घेता येतात. मुलुंडला नाही. पण म्हणूनच 'टँडममुळे बाजार किती वाढेल' या प्रश्नाचं उत्तर साक्रीसाठी एक आणि मुलुंडसाठी दुसरं आहे, आणि तुमच्या आराखड्यात ते एकच दिलेलं असतं.

जागेच्या पुढे मालकी. उपनगरातली गच्ची सोसायटीची, म्हणजे सगळ्यांची, म्हणजे पॅनेल लावायचं तर सर्वसाधारण सभेत ठराव. त्या सभांना मी काही ठिकाणी बसलो आहे. तिथं कार्यक्षमतेवर प्रश्न येत नाहीत. प्रश्न येतात ते असे: वॉटरप्रूफिंग गेल्या वर्षीच केलंय, त्याला भोकं पाडणार का? वरच्या मजल्यावर गळती झाली तर खर्च कोणाचा? गच्चीवर आधीच पत्र्याची शेड आहे, तिच्यावर बसेल का? कबुतरांची घाण कोण धुणार? गणपतीचं जेवण कुठं घालायचं? आणि सगळ्यात शेवटी, कोणीतरी शांतपणे विचारतं, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार असेल तर हे पंचवीस वर्षांचं लग्न कशाला?

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला. २०१९ च्या शासननिर्णयानं स्वयंपुनर्विकासासकट एकूण प्रक्रियेत सभासदांच्या ५१ टक्के संमतीची अट आली. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या जुन्या गल्ल्यांमध्ये जवळजवळ प्रत्येक इमारत 'आता जाणार, मग जाणार' अशा अवस्थेत असते. पॅनेलची हमी २५ वर्षं. इमारतीचं उरलेलं आयुष्य कोणालाच माहीत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात परतफेडीचा काळ पाच-सहा वर्षं दिसतो आणि तरी सभासद हात वर करत नाहीत, त्याला 'जागरूकतेचा अभाव' म्हणणारे अहवाल मी ढीगभर वाचले. मला तर ते लोक फार जागरूक वाटतात.

सरकारी योजनेतही ही गाठ दिसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. स्वतःचं छत असलेल्या घराला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये, तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८,०००. गृहनिर्माण सोसायटीला सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,०००. योजनेच्या मनातलं 'घर' हे बंगल्याचं किंवा गावातलं घर आहे. अंधेरीचा फ्लॅट तिच्यात बसतो तो लिफ्ट आणि पंपाच्या रूपात.

आता तुमच्या कामाचं. या विषयावर मुंबईची आकडेवारी गोळा करायला गेलात तर एक खड्डा आहे. 'मुंबई' असं एक कोष्टक नसतं. शहर भागात बेस्ट वीज देते. अंधेरी-बोरिवलीत पूर्वीची बीएसईएस, नंतर रिलायन्स, २०१८ पासून अदानी. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानंतर टाटाही उपनगरात घरगुती ग्राहक घेऊ लागली. आणि मुलुंड-भांडुप महावितरणकडे. एकाच कंपनीचा अहवाल घेऊन 'मुंबई उपनगर' असं शीर्षक दिलं की मुलुंड गायब होतं. मी एकदा ते केलं आहे. परिषदेत एका आजोबांनी उठून विचारलं, 'आमचं मुलुंड ठाण्यात टाकलंत का?'

दुसरं, सरकारी प्रसिद्धीपत्रकांपेक्षा वीज नियामक आयोगाची कागदपत्रं वाचा. महाराष्ट्रात छतावरच्या विजेसाठी नेट मीटरिंगचे नियम २०१५ मध्ये आले, २०१९ मध्ये बदलले. त्या बदलाच्या वेळी नेट मीटरिंग ठेवायचं की जाणारी आणि येणारी वीज वेगवेगळ्या दरानं मोजायची, यावर मोठा वाद झाला आणि नेट मीटरिंग टिकलं. वाद का, हे समजून घ्या. आपल्याकडे युनिट वाढत गेले की दर चढतो. म्हणजे जो ग्राहक जास्त वीज वापरतो आणि वरचा दर भरतो, त्यालाच सौर पॅनेल सगळ्यात आधी परवडतं, आणि तो गेला की वितरण कंपनीचं चांगलं गिऱ्हाईक जातं. त्याचा भार उरलेल्यांवर पडणार का? आयोगानं मसुदा काढला, लोकांनी हरकती पाठवल्या, आयोगानं प्रत्येक मुद्द्याला कारणांसकट उत्तर दिलं. ते निवेदन म्हणजे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सोन्याची खाण आहे. बाजार 'वाढतो' म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, कोण कोणाशी भांडतं, कोण काय सोडतं, ते तिथं लिहिलेलं सापडतं. ॲडम्सच्या पुस्तकात फक्त ॲडम्स बोलतात; गिरणीमालकाची हरकत नोंदवायला तेव्हा आयोग नव्हता. ती आपल्याला कोळशाच्या भावावरून ओळखावी लागते.

आणि एक प्रश्न, जो मी अजून कोणाच्या आराखड्यात बघितलेला नाही. हवा तर घ्या. पेरोव्हस्काइटवर काम करणाऱ्यांची सगळी धडपड आयुष्य २५ वर्षांपर्यंत नेण्याची आहे, कारण सिलिकॉननं ती अपेक्षा बाजारात रुजवली आहे. साक्रीला ती रास्त आहे. पण आठ-दहा वर्षांत पडणार असलेल्या घाटकोपरच्या इमारतीला काय हवंय? हलकं, पत्र्याच्या शेडवर भोकं न पाडता बसणारं, उचलून दुसरीकडे नेता येणारं किंवा दहा वर्षांत पैसे फेडून रजा घेणारं काहीतरी. त्याची किंमत काय पडेल, शिसं असलेल्या जुन्या पॅनेलची विल्हेवाट कोण लावेल, सोसायटीचा ठराव कसा लिहावा लागेल, हे तिन्ही एका प्रबंधात बसू शकतं.

पुढच्या लेखात २०१९ च्या त्या हरकती कशा वाचायच्या ते एका उदाहरणावरून दाखवेन. तोवर सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली मागा, टेप घेऊन वर जा, आणि दुपारी तीन वाजता टाकीची सावली कुठपर्यंत येते ते खडूनं आखून ठेवा. डिसेंबरमध्ये पुन्हा एकदा. जूनची आणि डिसेंबरची रेघ यांच्यातलं अंतर बघून तुम्हाला तुमच्या १,५०० चौरस फुटांबद्दल पुन्हा विचार करावा लागेल.